नवी कार्यप्रणाली केव्हां घ्यावी ?

नव्या वस्तूची हौस आणि जुन्या वस्तूचा लोभ हे दोन्ही मनुष्याच्या ठिकाणीं सारखेच बलवान् असतात. नवी छत्री घरीं आली कीं पाऊस नसतांही ती उघडून पाहणारे गृहस्थ जसे असतात, तसेच दहा ठिकाणीं शिवलेली जुनी छत्री कांहीं केल्या न टाकणारेही असतात. छत्रीच्या बाबतींत यांपैकीं कोणाचेंच मोठेंसें नुकसान होत नाहीं. परंतु संगणक व फोन यांच्या कार्यप्रणालीची नवी आवृत्ति घ्यावी कीं न घ्यावी, आणि घ्यावयाची तर केव्हां, या प्रश्नांत हे दोन्ही स्वभाव घातक ठरूं शकतात. मुलांचा अभ्यास, वडील माणसांचे हिशेब, घरांतील कागदपत्रें व छायाचित्रें हीं सर्व आज या यंत्रांतच सांठविलेलीं असतात. म्हणून या प्रश्नाचा विचार विद्यार्थी व पालक या दोघांनीं एकत्र बसून करावा, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

प्रथम कार्यप्रणाली म्हणजे काय तें पाहूं. जिला सर्वजण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, ती यंत्राची मूळ आज्ञावली होय. विंडोज, अँड्रॉइड, आयओएस, लिनक्स हीं तिचींच नांवें. मोठ्या वाड्यांत जसा कारभारी, तशी यंत्रांत ही. पडद्यावर अक्षर उमटविणें, छापण्याच्या यंत्रास हुकूम देणें, कोणती वस्तु कोठें ठेवली आहे हें लक्षांत ठेवणें, दारीं आलेल्या परक्यास आंत घ्यावें कीं नाहीं हें ठरविणें, हीं सर्व कामें तिचीं. आपण लिहिण्याचीं वा हिशेबाचीं जीं साधनें वापरतों, तीं सर्व या कारभाऱ्याच्या हाताखालीं वावरतात. नवा कारभारी जुन्यापेक्षां हुशार असेल. पण किल्ल्या कोठें टांगल्या आहेत हें त्यास पहिल्या दिवशीं ठाऊक असेलच असें नाहीं.

या प्रश्नांत होणारा बहुतेक घोंटाळा दोन निराळ्या गोष्टी एकाच नांवानें ओळखल्यामुळें होतो. यंत्र आपणांस वरचेवर 'अपडेट करा' असें सांगत असतें. त्यांतील एक प्रकार दुरुस्तीचा. कार्यप्रणालींत एखादें छिद्र सांपडलें, त्यांतून चोर शिरूं शकेल असें कळलें, म्हणजे निर्माते तेवढें छिद्र बुजवून देतात. दुसरा प्रकार नव्या आवृत्तीचा. यांत सबंध कारभारीच बदलतो. भिंतीचें भोंक बुजविणें आणि वाडा पाडून नवा बांधणें यांत जें अंतर, तेंच या दोहोंत आहे. एकास जो नियम लावावयाचा तोच दुसऱ्यास लावला कीं फसगत होते.

नव्या आवृत्तीच्या बाजूनें बोलावयाचें तर पुष्कळ बोलतां येईल. संरक्षणाची नवी योजना प्रायः तिच्यांतच प्रथम येते. शिवाय सर्वच लोक थांबून राहिले तर तिचे दोष उघडकीस कसे यावेत, असा प्रश्नही कोणी करील. प्रश्न वाजवी आहे. परंतु निर्माते प्रसिद्धीपूर्वीच चांचणीची आवृत्ति हौशी लोकांस देत असतात, आणि ज्यांच्याजवळ जादा यंत्र आहे त्यांनीं ती अवश्य वापरून पाहावी. ज्या घरीं एकच संगणक, आणि त्यावरच दहावीच्या मुलीचा प्रकल्प व वडिलांचे हिशेब, त्या घरानें ही परोपकारबुद्धि दाखविण्याचें कारण नाहीं.

घाई करणारांस काय सोसावें लागतें, याचें एक उदाहरण देतों. २ ऑक्टोबर २०१८ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ची एक मोठी नवी आवृत्ति प्रसिद्ध केली. थोड्याच अवधींत कांहीं लोकांच्या तक्रारी आल्या कीं, आमच्या कागदपत्रांच्या व छायाचित्रांच्या फायलीच नाहींशा झाल्या. चार दिवसांनीं, म्हणजे ६ ऑक्टोबर रोजीं, कंपनीनें तिचें वाटप थांबविलें, आणि दोष काढून १३ नोव्हेंबर रोजीं ती पुनः दिली. कांहीं चांचणीकारांनीं हा दोष आधींच कळविला होता. परंतु तक्रारींच्या ढिगाऱ्यांत त्याकडे दुर्लक्ष झालें. असें नुकसान झाल्याच्या तक्रारींचें प्रमाण दहा हजारांत एक इतकेंच होतें, असें कंपनीनें सांगितलें. आंकडा लहान खरा. पण तो एक जर आपण असूं, तर आपल्यापुरतें नुकसान सोळा आणे झालें! आणि जे केवळ सहा आठवडे थांबले, त्यांचें कांहींच गेलें नाहीं.

असे दोष राहतात तरी कां ? निर्मात्यांच्या कचेरींत चांचणी होते ती मोजक्या यंत्रांवर. जगांत मात्र छापण्याचीं यंत्रें, पडदे, कळफलक व निरनिराळ्या भाषा यांचे इतके मेळ आहेत कीं, ते सर्व कोणासही आधीं पाहतां येत नाहींत. आपल्या देशी लिप्यांस तर याचा अनुभव विशेष येतो. फेब्रुवारी २०१८ मध्यें असें आढळून आलें कीं, तेलुगू लिपींतील 'ज्ञा' या अक्षराची एक विशिष्ट जोडणी संदेशांत आली असतां आयफोनवरील तें साधनच बंद पडतें. ॲपल कंपनीनें त्याच महिन्यांत दुरुस्ती दिली. मराठी छपाईचें काम करणाऱ्या पालकांस दुसरीही एक अडचण ठाऊक असेल. युनिकोडपूर्वींच्या जुन्या टंकांत रोमन अक्षरांच्या जागींच देवनागरी आकार बसविलेले असत. तो टंक व त्याचें साधन नव्या कार्यप्रणालीवर चाललें नाहीं, तर सुंदर मराठी मजकुराच्या जागीं रोमन अक्षरांचा अर्थहीन खिचडा दिसूं लागतो. कांहीं वेळां तर जुनें साधन चुकून नव्हे, बुद्धिपुरस्सर सोडून दिलेलें असतें. ॲपलच्या संगणकांची कॅटालिना ही आवृत्ति ऑक्टोबर २०१९ मध्यें आली, तेव्हां ३२ बिटांच्या जुन्या साधनांस तिनें कायमचाच निरोप दिला. म्हणून नवी आवृत्ति घेण्यापूर्वीं तिच्यांत काय आलें हें जसें पाहावें, तसें तिच्यांतून काय गेलें हेंही पाहावें.

येथवर वाचून कोणी म्हणेल, "मग कांहींच घेऊं नये, हें उत्तम." या समजुतीचें उत्तर आपल्या शेजारींच आहे. आपल्या सीवूड्स–दारावे स्थानकावरून उरणकडे जी लोकल जाते, तिच्या वाटेवर न्हावा शेवा हें स्थानक लागतें. तेथील जवाहरलाल नेहरू बंदर देशांतील प्रमुख कंटेनर बंदरांपैकीं एक असून, नव्या मुंबईंतील अनेक कुटुंबांची उपजीविका त्यावर अवलंबून आहे. २७ जून २०१७ रोजीं युक्रेन देशांत नॉटपेट्या नांवाच्या घातक आज्ञावलीचा उद्भव झाला, आणि पाहतां पाहतां ती मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या संगणकांत पसरली. याच उद्योगसमूहाकडून चालविलें जाणारें न्हावा शेवा येथील गेटवे टर्मिनल्स इंडिया हें टर्मिनलही तिच्या तडाख्यांत सांपडलें. संगणक बंद पडल्यामुळें कामकाज हातानें करण्याची पाळी आली, आणि कंटेनरांची चढउतार मंदावली. मर्स्कच्या अध्यक्षांनीं पुढें जानेवारी २०१८ मध्यें सांगितलें कीं, कंपनीस १० दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें उभे करावे लागले.

ही आज्ञावली पसरली ती ज्या मार्गांनीं, त्यांतील एक मार्ग विंडोजमधील एका छिद्राचा होता. त्या छिद्राची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च २०१७ रोजींच, म्हणजे १०५ दिवस आधीं, दिली होती. मध्यंतरीं १२ मे रोजीं वॉनाक्राय नांवाच्या दुसऱ्या आज्ञावलीनें याच छिद्रांतून शिरून सुमारें १५० देशांत हाहाकार उडविला होता. तरीही पुष्कळांनीं तें छिद्र उघडेंच ठेविलें. मात्र गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नॉटपेट्याचा प्रथम प्रवेश झाला तो युक्रेनमधील हिशेबाच्या एका साधनाच्या 'अपडेट'मधूनच. निर्मात्याचें घर चोरांनीं आधीं फोडलें होतें. शिवाय ती चोरलेल्या संकेतशब्दांच्या साहाय्यानें शेजारच्या यंत्रांतही शिरत असे, म्हणून दुरुस्ती केलेलीं यंत्रेंही सगळींच वांचलीं नाहींत. मर्स्कला सांवरण्यास एक दैवयोग उपयोगी पडला. कोणास कोणत्या यंत्रांत प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे त्यांचे संगणक जगभर होते व ते सर्व पुसले गेले. फक्त आफ्रिकेंतील घाना देशांतला एक, वीज गेल्यामुळें त्या वेळीं जाळ्यापासून तुटलेला असल्याकारणानें, शाबूत राहिला. मोठ्या कंपनीस जें दैवानें दिलें, तें आपण आपल्या हातानें करून ठेवावें. सांठविलेल्या माहितीची एक प्रत यंत्रापासून तोडून निराळी ठेवावी.

दुरुस्ती ही तरी नेहमीं निर्दोष असते काय ? नाहीं. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या संरक्षण कंपनीनें पाठविलेल्या एका सदोष दुरुस्तीमुळें जगांतील सुमारें ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, आणि आपल्या देशांतील विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले प्रवेशपत्र देण्याची वेळ आली. ती दुरुस्ती टप्प्याटप्प्यानें न देतां सर्वांस एकदम दिली गेली, हें त्या अनर्थाचें एक कारण होय. तथापि, वैद्याचें औषध एखाद्यास बाधलें म्हणून औषधच घ्यावयाचें नाहीं असें कोणी ठरवीत नाहीं. दुरुस्तीस एक-दोन दिवसांचा अवधि देण्यास हरकत नाहीं. १०५ दिवसांचा देतां कामा नये.

टप्प्याटप्प्यानें जाण्याची ही रीत आपणांस परकी नाहीं. आपल्या हार्बर मार्गावर विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धांवली, ती १,५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर. पुढें ही पद्धति बदलून २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आणण्याचें ठरलें, तेव्हां रेल्वेनें एका रात्रींत सर्व मार्ग बदलले नाहींत. दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या आधीं आणल्या, आणि मग एकामागून एक भाग पालटीत पश्चिम रेल्वेचें काम २०१२ सालीं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचें २०१५ सालीं व हार्बर मार्गाचें एप्रिल २०१६ मध्यें पुरें केलें. जुनें चालूं ठेवून नवें सिद्ध करावें, आणि नवें सिद्ध झाल्यावर जुनें सोडावें, हें त्यांतील सूत्र. उबंटू लिनक्सचे निर्माते याच सूत्रानें चालतात. त्यांची दीर्घ मुदतीची २४.०४ ही आवृत्ति २५ एप्रिल २०२४ रोजीं निघाली. परंतु पूर्वींच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरील लोकांस ती आपण होऊन देऊं करण्यापूर्वीं तिच्या पहिल्या सुधारलेल्या आवृत्तीची वाट पाहण्याचा त्यांचा परिपाठ आहे, आणि ती २९ ऑगस्ट रोजीं आली. निर्माते जेथें स्वतः चार महिने थांबवितात, तेथें आपण पहिल्या रात्रींच जागरण कां करावें ?

आतां घरीं व शाळेंत पाळण्याजोगे नियम सांगतों. पहिला : संरक्षणाची दुरुस्ती लौकर घ्यावी, आणि ती यंत्राच्या स्वतःच्या व्यवस्थेंतूनच घ्यावी, कोणी संदेशांतून पाठविलेल्या दुव्यावरून कधींही घेऊं नये. दुसरा : नवी आवृत्ति आल्यावर दोन-चार महिने थांबावें, व आपल्यासारखेंच यंत्र असणाऱ्या लोकांचा अनुभव विचारावा. तिसरा : आपलीं नित्याचीं साधनें, छापण्याचें यंत्र, मराठी टंक व हिशेबाची आज्ञावली तिच्यावर चालतात कीं नाहीं, याची आधीं यादी करून खात्री करावी. चौथा : सर्व माहितीची निराळी प्रत करून, ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडते कीं नाहीं हें पाहावें, न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे. पांचवा : शाळेच्या संगणक-दालनांत प्रथम एकाच यंत्रावर प्रयोग करावा, व तें पंधरा दिवस नीट चाललें तरच इतरांस हात लावावा. सहावा : परीक्षेच्या तोंडावर बदल करूं नये. आयफोनच्या कार्यप्रणालीच्या नव्या आवृत्त्या २०१२ पासून सप्टेंबरांत येत आहेत. आमच्या मुलांच्या बारावीच्या परीक्षा फेब्रुवारींत सुरू होतात. मे महिन्याची सुट्टी आपल्या हातीं असतां दिवाळीनंतर धांदल करण्याचें प्रयोजन काय ?

थांबण्यासही मर्यादा आहे, हें मात्र विसरूं नये. विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं आली, आणि विंडोज १० च्या नियमित दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपल्या. मध्यें चार वर्षांहून अधिक काळ मिळाला. पहिल्या आठवड्यांत धांवण्याची गरज कोणासच नव्हती. परंतु वेळ मिळाला नाहीं असेंही कोणास म्हणतां येणार नाहीं. कित्येक घरीं अडचण निराळीच होती. नव्या आवृत्तीस टीपीएम २.० नांवाची संरक्षक व्यवस्था व अलीकडचा प्रोसेसर लागतो, आणि धडधाकट चालणारा जुना संगणक त्या अटींत बसत नाहीं. अशा यंत्रावर उबंटूसारखी विनामूल्य कार्यप्रणाली बसवून त्यास कामांत ठेवतां येईल. किंवा तें इंटरनेटपासून तोडून केवळ लिहिण्यावाचण्यास वापरतां येईल. मात्र दुरुस्त्या बंद झालेल्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणें म्हणजे कडी मोडलेल्या दारामागें दागिने ठेवणें होय.

विद्यार्थिमित्रहो, आपण आज ज्या वयांत आहां, त्या वयांत पुढें धांवण्याचा मोह स्वाभाविक आहे. आणि आपल्या घरच्या वडील माणसांस आहे तेंच बरें वाटणेंही तितकेंच स्वाभाविक आहे. या दोहोंमध्यें जो वाद होतो, तो 'नवें चांगलें कीं जुनें चांगलें' असा नसावा. "हें बिघडलें तर आपलें काय जाईल, आणि तें आपणांस परत मिळवितां येईल काय ?" हा प्रश्न उभयतांनीं एकमेकांस विचारावा. ज्या घरांत या प्रश्नाचें उत्तर तयार आहे, आणि माहितीची निराळी प्रत कपाटांत आहे, त्या घरानें नव्यास भिऊं नये व जुन्यास चिकटूं नये.