फ्लॅशचा उजेड पोचतो कुठवर?

आता फ्लॅशकडे येऊ. १९७५ साली जपानमध्ये कोनिका सी३५ ईएफ आला. अंगातच इलेक्ट्रॉनिक फ्लॅश असलेला हा पहिला ३५ मिमी कॉम्पॅक्ट कॅमेरा. तुमच्या कपाटात असा एखादा असेल, तर लगेच रोल घालू नका. आधी नवे सेल टाकून फ्लॅश चार-पाच वेळा उडवून बघा. उडालाच नाही, तर कॅमेरा घरी उघडायचा नाही! सेल काढले तरी आतल्या कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्ट शिल्लक असू शकतात.

उडाला, तर पुढचा प्रश्न पल्ल्याचा. कोनिकाचा गाइड नंबर १४, म्हणजे १०० एएसएच्या फिल्मला, मीटरमध्ये. लेन्स पूर्ण उघडी असताना अ‍ॅपर्चर २.८. चौदाला २.८ ने भागलं की येतात ५ मीटर, साधारण सात पावलं. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, पावपट होतो. म्हणून लग्नाच्या हॉलमध्ये मागून फोटो काढला, की पुढच्यांच्या पाठी लख्ख आणि नवरा-नवरी अंधारात. ४०० ची फिल्म घातलीत तर पल्ला दुप्पट, १० मीटर.

रोलमध्ये फोटो ३६, आणि चूक कळते ती रोल धुऊन आल्यावर. तोवर मांडव उतरलेला असतो. म्हणून बटण दाबण्याआधी पावलं मोजा.