केस गळत नाहीत, पण शिंका?

नालासोपाऱ्यात, तुळिंज-आचोळ्याच्या एका खोलीच्या वन आरकेत कुत्रं आणायचं म्हटलं की नजर आपोआप लहान जातींकडे वळते. त्यातही घरात कुणाला दमा किंवा शिंकांचा त्रास असेल, तर माल्टीपूचं नाव हमखास पुढे येतं. माल्टीज आणि पूडल यांचा हा संकर. वजन साधारण पाच किलोंच्या आसपास, केस मऊ आणि कुरळे, स्वभाव माणसाला चिकटून राहण्याचा. ‘याचे केस गळत नाहीत, म्हणून अ‍ॅलर्जी होत नाही,’ असं सांगून तो विकला जातो. केस कमी गळतात, हे बरंचसं खरं आहे. पण अ‍ॅलर्जी होत नाही, हे त्यावरून सिद्ध होत नाही, कारण त्रास केसांमुळे होतच नसतो. तो होतो कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे. त्यातलं प्रमुख प्रथिन ‘कॅन एफ १’, आणि ते प्रत्येक कुत्र्यात तयार होतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत डेट्रॉइट परिसरातल्या १७३ घरांची धूळ तपासली होती. ‘अ‍ॅलर्जीमुक्त’ म्हणवणाऱ्या जातींच्या आणि इतर कुत्र्यांच्या घरांत या प्रथिनाचं प्रमाण वेगळं निघालं नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्सच्या संशोधकांना तर अशा जातींच्या केसांवर ते उलट जास्तच सापडलं.

पूडल-संकरांचा बोलबाला ज्या प्रसंगापासून सुरू झाला, तोच नीट वाचण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियात अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेकडे हवाईतल्या एका दृष्टिहीन बाईंनी कुत्रा मागितला. त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. संस्थेतले वॉली कॉनरन यांनी १९८९ साली लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला, तीन पिल्लं झाली आणि त्यांच्या केसांचे व लाळेचे नमुने हवाईला धाडले. तिघांपैकी एकच पिल्लू त्या गृहस्थांना चाललं. आई-बाप तेच, वेत तेच, तरी दोघांचा त्रास आणि एकाचा नाही! म्हणजे जमतं ते विशिष्ट माणसाचं आणि विशिष्ट पिल्लाचं. जातीच्या नावावर त्याची हमी देता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, आमच्या ओळखीत माल्टीपूमुळे खरंच त्रास कमी झाला. झाला असेल, त्यात खोटं काही नाही. अंग लहान म्हणजे कोंडाही थोडा, केस घरभर उडत नाहीत, आणि हौसेने आणलेल्या कुत्र्याला आंघोळही वारंवार घातली जाते. आंघोळीने प्रथिन कमी होतं, पण काही दिवसांत पुन्हा पहिल्यासारखं होतं. फरक टिकवायचा तर आठवड्यातून दोनदा तरी न्हाऊ घालावं लागतं. नालासोपाऱ्याच्या पावसाळ्यात हे सोपं नाही. न गळलेला केस अंगावरच अडकतो, दमट हवेत ओलसर राहतो, आणि कानामागे, काखेत, पट्ट्याखाली त्याच्या गाठी होतात. वरून कुत्रा गुबगुबीत दिसतो, कंगवा मात्र कातडीपर्यंत पोचत नाही, आणि खाली कातडी लाल होऊन खाजते. म्हणून रोज विंचरणं आणि महिना-दीड महिन्याने केस कापून घेणं हे या जनावराच्या खर्चातच धरायला हवं. वेळ आणि पैसा नसेल, तर हाल त्या मुक्या जिवाचे होतात.

दमट घरांत आणखी एक घोटाळा होतो. गाद्या-उशांच्या धुळीतल्या डस्ट माइट या सूक्ष्म किड्यांनीही शिंका येतात, दमा उसळतो, आणि दोष कुत्र्यावर जातो. तेव्हा आधी डॉक्टरांकडून त्वचेची चाचणी करून नेमकं कशाचं वावडं आहे ते पाहावं. दमेकऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये. मग नोंदणीकृत पैदासकाराकडे जाऊन ज्याला त्रास आहे त्यानेच ते पिल्लू मांडीवर घेऊन तासभर बसावं, आणि हे दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करावं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे, त्यामुळे घाई करणाऱ्याकडून ते घेऊच नये. पिल्लाची लव वर्षभराच्या आत बदलून मोठ्या कुत्र्याचे केस येतात, म्हणून सुरुवातीला निभावलं तरी पहिलं वर्ष कुत्र्याला अंथरुणापासून लांबच झोपवावं.