दिवा लागला, पण दोष कुणाचा?

हुबळी आणि धारवाड या जोडशहरांच्या दरम्यान नवनगर वसले आहे. दोन्ही शहरांना जोडणाऱ्या तेथील रस्त्यावर मोटारींची वर्दळ दिवसभर चालू असते. अशाच एखाद्या पेट्रोलच्या मोटारीत चालकासमोर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. मोटार नेहमीसारखीच चालते. आवाज नाही, धक्के नाहीत. गॅरेजमध्ये तपासणीचे यंत्र जोडले की त्यावर पी ०४२० हा सांकेतिक क्रमांक उमटतो आणि ‘कन्व्हर्टर गेला’ असा निकाल तिथल्या तिथे दिला जातो. नव्या कन्व्हर्टरची किंमत ऐकून मालकाच्या तोंडचे पाणी पळते. वस्तुतः हा क्रमांक म्हणजे केवळ फिर्याद होय. चौकशी अद्याप व्हावयाची असते.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीत बसविलेला धातूचा डबा. त्याच्या पोटात मधमाशांच्या पोळ्यासारखी असंख्य बारीक छिद्रे असलेली, बहुधा चिनी मातीसारख्या पदार्थाची वीट असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ लेप दिलेला असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या लेपावरून जाताना त्यांचे कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व नायट्रोजन यांत रूपांतर होते. हे धातू स्वतः खर्ची पडत नाहीत. मात्र त्यांच्यावर पुटे चढली की ते निकामी होतात. पेट्रोलमधील शिसे हा त्यांचा मोठा वैरी. म्हणूनच भारतात १९९५ साली चार महानगरांतील नव्या मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा तेथे शिसेविरहित पेट्रोलही उपलब्ध करून द्यावे लागले. २००० सालापासून असे पेट्रोल देशभर मिळू लागले.

मोटारीतील संगणक कन्व्हर्टरची परीक्षा घेतो ती दोन ऑक्सिजन सेन्सरांच्या साहाय्याने. एक सेन्सर कन्व्हर्टरच्या अलीकडे असतो, दुसरा पलीकडे. जुन्या धर्तीच्या पुढच्या सेन्सरचा विद्युत्‌दाब सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्ट यांच्या दरम्यान सतत वरखाली होत असतो. निरोगी कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवून ठेवतो व गरजेनुसार सोडतो. त्यामुळे पलीकडच्या सेन्सरचा आकडा बराचसा स्थिर राहतो. तोही पुढच्याप्रमाणे नाचू लागला, की साठवण्याची शक्ती घटली असे संगणक मानतो आणि दिवा लावतो.

चौकशीचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम अन्य सांकेतिक क्रमांक आहेत काय ते पाहावे. इंजिन मिसिंग करीत असेल किंवा हवा व पेट्रोल यांचे प्रमाण बिघडले असेल, तर ते दोष आधी दूर करावेत. दुसरी पायरी गळतीची. इंजिन थंड असताना सुरू करून धुराच्या नळीचे सांधे तपासावेत. फुसफुस आवाज येत असेल किंवा सांध्याभोवती काजळी दिसत असेल, तर तेथून बाहेरची हवा आत शिरून सेन्सरची दिशाभूल होऊ शकते. अशा वेळी गॅस्केट बदलण्याच्या अल्प खर्चात काम भागते. त्यानंतर इंजिन पुरते तापवून, मिनिटाला सुमारे अडीच हजार फेऱ्यांवर काही काळ स्थिर ठेवून दोन्ही सेन्सरांचे आकडे यंत्रावर पाहावेत. मागचा आकडा स्थिर असेल तर कन्व्हर्टर बदलण्याची घाई करू नये. केवळ अंदाजाने मागचा सेन्सर बदलणेही बहुधा व्यर्थ ठरते; कारण जुना झालेला सेन्सर सहसा मंदावतो, नाचत नाही. शेवटी थंड डब्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोकून पाहावे. आत खुळखुळ झाली तर वीट फुटली असे समजावे. मोटार चढावावर दम टाकत असेल, तर छिद्रे बुजल्याचाही संशय घ्यावा.

एवढे करून कन्व्हर्टरच निकामी ठरला, तरी एक प्रश्न उरतोच: तो मेला कशाने? दोन कारणे विशेष आढळतात. स्पार्क प्लग वा इग्निशन कॉइल बिघडली की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि वीट वितळते. दिवा लुकलुकू लागला तर बहुधा हीच धोक्याची खूण असते. वेग कमी करून मोटार सुरक्षित जागी थांबवावी. दुसरे कारण, इंजिन तेल पिऊ लागणे. तेलातील फॉस्फरसाचे पूट धातूंवर चढते. हे मूळ दुखणे कायम ठेवून नवा कन्व्हर्टर बसविला, तर तोही त्याच वाटेने जातो व पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागतात.

डबा फोडून आतील वीट काढून टाकण्याचा ‘स्वस्त’ उपायही काही ठिकाणी सुचविला जातो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत असे मनमानी फेरफार करता येत नाहीत. त्याहून गंभीर गोष्ट ही, की मालकाचा वाचलेला खर्च रस्त्याकडेला बस पाहत उभ्या असलेल्या मुलांच्या फुप्फुसांवर पडतो. प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र मिळाले म्हणूनही निर्धास्त राहू नये. ती तपासणी जागेवर उभ्या मोटारीची असते, आणि दुबळा कन्व्हर्टर तीत निभावून जाऊ शकतो.

दुरुस्तीनंतर क्रमांक पुसला की दिवा विझतो. पण त्यावरून रोग बरा झाला असे ठरत नाही. काही दिवस मोटार थंड अवस्थेतून सुरू करून पुरेशी चालवावी, म्हणजे संगणक आपली परीक्षा पुन्हा घेतो. त्या परीक्षेनंतरही दिवा विझलेलाच राहिला, तर खरा अपराधी सापडला असे खुशाल समजावे.