वाढीच्या वयात घटणारे वजन

बुलढाणा जिल्ह्याची भूमी दोन पातळ्यांवर वसलेली आहे. दक्षिणेस चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या तालुक्यांचा घाटावरचा पठारी भाग, तर उत्तरेस मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातील घाटाखालचा प्रदेश आणि त्यापलीकडे सातपुड्याची रांग. पिके, पाणी आणि बोलण्याची ढब यांत घाटावर व घाटाखाली फरक असला, तरी सकाळचे एक दृश्य दोन्हीकडे सारखेच दिसते. एस.टी.च्या थांब्यावर दप्तरे घेतलेल्या मुली शेजारच्या मोठ्या गावातील माध्यमिक शाळेत जाण्यासाठी उभ्या असतात. त्यांतील कितीजणी काही खाऊन निघाल्या आहेत, याची नोंद कोठेच होत नाही. हजेरीपटावर उपस्थिती असते, प्रगतिपुस्तकात गुण असतात. उंची-वजनाचे रकानेही असतात. परंतु ते पुष्कळदा उपचार म्हणून भरले जातात आणि मागील आकड्याशी ताडून पाहिले जात नाहीत.

अंगणवाडीत सहा वर्षांखालील बालकांचे वजन नियमितपणे होते. गर्भवती मातेचे वजनही प्रत्येक तपासणीत पाहिले जाते. या दोन टप्प्यांच्या मध्ये जी दहा-बारा वर्षे येतात, त्यांत मुलीच्या वजनाकडे पाहणारे कोणी नसते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. वस्तुतः याच वर्षांत तिच्या शरीराची सर्वांत मोठी बांधणी चाललेली असते. प्रौढ वयातील वजनापैकी सुमारे निम्मे वजन आणि उंचीपैकी १५ ते २० टक्के उंची किशोरावस्थेत मिळते. वाढीच्या ऐन भरात मुलीची उंची वर्षाला सात-आठ सेंटिमीटरने आणि वजन सात-आठ किलोने वाढते. म्हणून या वयात वजन घटणे ही तर धोक्याची खूण आहेच; पण वर्षभर वजन जागच्या जागी राहणे हीदेखील एक प्रकारची घटच होय.

या वाढीला लागणारे इंधन किती, याविषयी घरोघरी एक गैरसमज आढळतो. मुलगी अंगाने लहान, तेव्हा तिला आईपेक्षा कमी अन्न पुरते, असे धरले जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये सुधारलेल्या प्रमाणांनुसार मध्यम श्रम करणाऱ्या प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे २,१३० कॅलरी लागतात, तर १३ ते १५ वर्षांच्या मुलीला सुमारे २,४०० आणि १६ ते १८ वर्षांच्या मुलीला २,५००. मुलीची लोहाची गरज दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियमची १,००० मिलिग्रॅम आहे. पंगतीत सर्वांत शेवटी बसणाऱ्या आणि उरलेले वाढून घेणाऱ्या मुलीला हे प्रमाण कसे साधणार, हा प्रश्न आकड्यांपुरता राहत नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात देशातील १० ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ४० टक्के रक्तक्षयी आढळल्या. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण १८ टक्के होते. एकाच चुलीवर शिजलेले अन्न खाणाऱ्या भावाबहिणींतील या अंतराचे एक कारण मासिक पाळी आहे. सर्व कारण मात्र ते नव्हे.

शरीर काटकसर कशी करते

अन्न कमी पडू लागले की शरीर एखाद्या अडचणीतील संसारासारखे वागते. आधी साठवण खर्च होते, मग स्नायू झिजू लागतात, आणि त्याच वेळी जे जीव तगविण्यास तातडीने आवश्यक नाही ते एकेक करून बंद केले जाते. हातपाय थंड पडतात, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. प्रार्थनेच्या रांगेत मुलीला घेरी येते, तेव्हा ऊन लागले किंवा उपाशीपोटी आली असेल, असे म्हणून पाणी पाजले जाते. तेवढ्यावर न थांबता नाडी मोजून पाहावी. जागेपणी व शांत बसलेली असताना मुलीच्या नाडीचे ठोके मिनिटाला पन्नासहून कमी पडत असतील, तर ती साधी अशक्तता नाही. तिला त्याच दिवशी रुग्णालयात नेले पाहिजे. वजन फार घटल्यास हृदयाचा स्नायूही रोडावतो आणि रक्तातील पोटॅशियमसारखे क्षार कमी झाल्यास ठोक्यांची लय बिघडू शकते. याखेरीज केस गळणे, त्वचा कोरडी पडणे, पाठीवर व दंडावर बारीक लव येणे, बद्धकोष्ठता, थोडे खाताच पोट गच्च झाल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसतात. शेवटच्या लक्षणामुळे मुलगी आणखी कमी खाते आणि घरचे समजतात की तिची भूकच मुळात कमी आहे.

या काटकसरीत लवकर बंद होणारी गोष्ट म्हणजे मासिक पाळी. मेंदूतील हायपोथॅलॅमस नावाचे केंद्र शरीरातील शिलकीचा अंदाज सतत घेत असते. चरबीच्या पेशींतून निघणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाद्वारे त्याला हा अंदाज मिळतो, हे १९९४ मध्ये त्या संप्रेरकाचा शोध लागल्यानंतर हळूहळू उलगडत गेले. शिल्लक फार घटली की हे केंद्र बीजकोशांना जाणारा इशारा थांबवते. पाळी लांबते, अनियमित होते किंवा थांबते, आणि ज्या मुलीला ती अजून यायची असेल तिला उशिरा येते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडच्या पश्चिम भागात अन्नाची भीषण टंचाई झाली, तेव्हा तेथील असंख्य स्त्रियांची पाळी बंद पडली आणि नऊ महिन्यांनी जन्मांची संख्या एकदम खाली आली होती.

पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षे ती मागेपुढे होते, हे खरे आहे. परंतु नियमित झालेली पाळी सलग तीन महिने न आल्यास आणि त्याच काळात मुलगी रोडावलेली दिसत असल्यास त्याचा संबंध जोडून पाहणे अगत्याचे आहे. दुर्दैवाने पाळी हा उघडपणे बोलण्याचा विषय नसल्याने ही खूण घरातच दडपली जाते. कित्येकदा औषधाच्या दुकानातून ‘पाळी आणण्याच्या’ गोळ्या आणून दिल्या जातात. त्या गोळ्यांनी रक्तस्राव होईल, घरच्यांचे समाधानही होईल. पण मूळ उपासमार तशीच राहील आणि शरीराने दिलेला इशारा तेवढा पुसला जाईल.

या इशाऱ्याचे महत्त्व हाडांच्या संदर्भात सर्वाधिक आहे. पाळी थांबणे म्हणजे इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण खालावणे, आणि हाडांत चुना साठविण्याचे काम बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते. आयुष्यभर पुरावयाच्या अस्थिसंचयापैकी सुमारे ९० टक्के संचय मुलींमध्ये अठराव्या वर्षापर्यंत पुरा होतो. त्यातील मोठा वाटा पाळी येण्याच्या आगेमागे असलेल्या दोन-चार वर्षांतच जमा होतो. घटलेले वजन काही महिन्यांत भरून काढता येते, गळलेले केस पुन्हा येतात, पाळीही परतते. हाडांचा हा हुकलेला हंगाम मात्र पुरेपूर भरून निघेलच, याची शाश्वती देता येत नाही. उंचीचेही तसेच आहे. हाडांची टोके जुळून गेल्यावर कितीही खुराक दिला तरी उंची वाढत नाही.

मनावर होणारा परिणाम

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुण पुरुषांवर, त्यांच्या संमतीने, एक प्रयोग केला. सहा महिने त्यांना निम्म्याच्या आसपास आहार देण्यात आला आणि त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. शरीराच्या ऱ्हासाइतकाच लक्षणीय होता तो स्वभावातील पालट. ही माणसे चिडचिडी, उदास व एकलकोंडी झाली. कशातही त्यांचे चित्त लागेना. दिवसभर त्यांच्या मनात अन्नाचाच विचार घोळू लागला. धट्टाकट्ट्या पुरुषांची ही गत, तर दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीचे लक्ष अभ्यासावरून उडाले म्हणून तिला बोल लावण्याआधी तिच्या ताटाची चौकशी करणे न्यायाचे ठरेल.

वजन घटण्याची कारणे

कारणे एकाहून अधिक असतात आणि उपाय त्या त्या कारणानुसार बदलतो, म्हणून ती निरखून पाहावी लागतात. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी, किंवा आईवडील कामासाठी बाहेरगावी गेले असता, घरातील अन्नच कमी पडते आणि पाणी, सरपण, धाकटी भावंडे यांचा भार मुलीवर येतो. हे कारण जुने व परिचित आहे.

व्रतवैकल्यांचे कारण अधिक नाजूक. आषाढी-कार्तिकीच्या एकादशीचा उपवास एखाद्या दिवसाचा असतो व निरोगी मुलीला त्याचा त्रास होण्याचे कारण नाही. परंतु आठवड्याचे दोन वार, त्यात नवरात्राचे नऊ दिवस आणि हरितालिकेचा निर्जळी उपवास अशी भर पडली, की हिशेब बदलतो. उपवासाला चालणारा साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट पदार्थ आहे. त्यात प्रथिने नाममात्र असतात. त्याच्या खिचडीतील दाण्याचे कूट हाच काय तो पोषक भाग. उपवास मोडावा असे कोणी म्हणत नाही. वाढत्या मुलीच्या उपवासात दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा व फळे असावीत, एवढे तरी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी पाहावे.

तिसरे कारण अलीकडचे. बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली अशा शहरांतच नव्हे, तर खेड्यांतही मोबाइलच्या पडद्यावरून कृश शरीराचे आकर्षण पोहोचले आहे. मैत्रिणीच्या एखाद्या शेऱ्यावरून वा घरातील थट्टेवरून मुलगी जेवण कमी करते. वजन उतरले की कौतुक होते आणि ती आणखी कमी करते. पुढे पुढे खाण्याचीच भीती बसते, आरशात दिसणारे हाडकुळे शरीरही जाड भासू लागते. हा हट्ट किंवा नखरा नसून मानसिक विकार आहे. त्याचे वर्णन विल्यम गल या इंग्रज वैद्याने १८७३ मध्येच केले होते. जेवताना काही ना काही निमित्त काढून उठणे, जेवणानंतर लगेच मोरीत जाऊन उलटी करणे, अंगावर सैल कपडे घालणे, अति व्यायाम करणे या खुणा आईच्या किंवा वर्गशिक्षिकेच्या लक्षात येऊ शकतात. रागावून वा बळजबरीने घास भरवून हा विकार बरा होत नाही. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो.

आणि काही वेळा कारण सरळसरळ रोगाचे असते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप आणि रोडावणे एकत्र आले तर क्षयाची तपासणी करावी. भरपूर खाऊनही वजन उतरत असेल, सारखी तहान व लघवी लागत असेल, तर रक्तातील साखर त्याच दिवशी तपासावी. लहान वयातील मधुमेहात काही दिवसांचा विलंबही जिवावर बेततो.

ताडून पाहावयाचा आकडा

मुलगी किती कृश आहे, हे उंचीच्या मानाने ठरते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो निर्देशांक येतो, तो प्रौढांत १८.५ च्या खाली नसावा, हे पुष्कळांना ठाऊक असते. हेच माप शाळकरी मुलींना लावण्याची चूक सर्रास होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार कृशतेची सीमा तेराव्या वर्षी १४.९, पंधराव्या वर्षी १५.९ आणि सतराव्या वर्षी १६.४ आहे. म्हणजे १५० सेंटिमीटर उंचीच्या पंधरा वर्षांच्या मुलीचे वजन सुमारे ३६ किलोहून कमी असेल, तर तिला आरोग्य केंद्रात पाठविलेच पाहिजे. तथापि एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधील अंतर अधिक बोलके असते. ५२ किलोची मुलगी चार महिन्यांत ४५ वर आली, तर तक्त्यात ती कृश ठरणार नाही; तरीही तिच्या शरीरात वर सांगितलेली सारी काटकसर सुरू झालेली असू शकते. स्थूल मुलीने वजन झपाट्याने उतरविल्यास तिचीही पाळी थांबू शकते, हे फारसे लक्षात घेतले जात नाही.

किशोरींच्या पोषणासाठी २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘सबला’ योजनेसाठी महाराष्ट्रातून निवडलेल्या जिल्ह्यांत बुलढाण्याचा समावेश होता. तीत ११ ते १८ वर्षांच्या मुलींना दिवसाला ६०० कॅलरींचा पूरक आहार देण्याची तरतूद होती. त्या योजनेचे स्वरूप पुढे बदलले. आता १४ ते १८ वर्षांच्या मुलींसाठीची आहार योजना ईशान्य भारत व आकांक्षित जिल्ह्यांपुरती असून शेजारचा वाशीम जिल्हा तीत येतो, बुलढाणा येत नाही. शालेय पोषण आहारही आठवीपर्यंतच मिळतो. याचा अर्थ असा, की नववीत जाताच मुलीचे दुपारचे हक्काचे जेवण थांबते, आणि ते नेमके भूक सर्वांत मोठी असण्याच्या वयात. ही पोकळी भरण्याचे काम गावाकडेच येते.

त्यासाठी साधने अगदीच नाहीत असे नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावयाचा असतो. त्यातून माध्यमिक शाळेस एक चांगला वजनकाटा व उंची मोजण्याची पट्टी देता येईल, आणि गरजू मुलींसाठी शाळेत भिजवलेला हरभरा, शेंगदाणे व गूळ ठेवता येईल. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी व जवसाची चटणी हा जिल्ह्याचा नित्याचा आहार निकृष्ट नाही. तो पोटभर आणि वेळेवर मिळण्याचा प्रश्न आहे. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी उपाशीपोटी दिल्यास मळमळते आणि मग मुली ती टाकून देतात. म्हणून ती जेवणानंतर, शिक्षकांसमोर घेतली जावी.

जंतनाशक गोळ्यांच्या मोहिमेसाठी मुली वर्षातून दोनदा एकत्र येतातच. त्याच दिवशी वजन व उंची घेतल्यास वेगळा दिवस काढावा लागणार नाही. काटा तोच असावा, चप्पल काढलेली असावी आणि मोजणी शिक्षिकेने आडोशाला करावी. आकडा मोठ्याने वाचून दाखविण्याची पद्धत बंद करावी. एखाद्या मुलीचे जेवण कमी होण्यास तेवढेही पुरते.

ज्या मुलीचे वजन फारच घटले आहे, तिला एकदम भरपेट गोडधोड खाऊ घालणे धोक्याचे आहे. दीर्घ उपासानंतर अन्न अकस्मात वाढविल्यास रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने उतरतात आणि हृदय बंद पडण्याचा संभव असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांपैकी काहीजण अशाच अवस्थेत दगावले. अशा मुलीस जिल्हा रुग्णालयात दाखल करून डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहार टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. घरी परतल्यावरही तिचे वजन दर पंधरवड्यास घ्यावे. पाळी बहुधा वजन भरल्यानंतर काही महिन्यांनी परतते. ती नियमित होईपर्यंत नोंदवहीतील तिचे पान मिटू नये.