अटकेचा कागद

१९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ दोन सदस्यांचा होता. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. बोरकरांनी ज्यांना हरवलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. आपल्या जिल्ह्यात या निवडणुकीचा विषय निघाला की हळहळ व्यक्त होते आणि गोष्ट तिथेच थांबते. पण भंडाऱ्याने नाकारलेल्या या उमेदवाराने त्याआधी पाच वर्षं घटना समितीत एक कलम मांडलं होतं. रात्रीबेरात्री पोलिसांची गाडी दारात थांबते, तेव्हा आजही सामान्य माणसाच्या हातात तेच एक असतं. ते म्हणजे कलम २२.

त्याची जन्मकथा फारशी सांगितली जात नाही. जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमात, म्हणजे आजच्या कलम २१ मध्ये, 'कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीशिवाय' कुणाचं स्वातंत्र्य हिरावता येणार नाही, एवढंच लिहिलं गेलं होतं. अनेक सदस्यांना ते लंगडं वाटलं. संसदेने उद्या कसलीही कार्यपद्धती ठरवली, तर काय? १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी नवं कलम मांडलं. आधीच्या कलमाबद्दलची नाराजी आपल्याला ठाऊक आहे आणि हे कलम म्हणजे त्याची भरपाई आहे, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. त्यातल्या तरतुदी फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीपासूनच आहेत, मग घटनेत कशाला, या शंकेचं उत्तरही त्यांनी दिलं. संहिता बदलता येते. घटनेत घातलं की संसदेचे आणि प्रांतिक विधिमंडळांचेही हात बांधले जातात.

कलमाचा मुख्य भाग तसा छोटा आहे. अटक केलेल्याला अटकेची कारणं शक्य तितक्या लवकर सांगायची. त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं आणि त्याच्या हुकमाशिवाय पुढे एक क्षणही डांबून ठेवायचं नाही.

या चोवीस तासांचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा, कारण गफलत इथेच होते. समजा, लाखांदूर तालुक्यातल्या एका गावातून सकाळी सात वाजता माणसाला 'साहेबांनी बोलावलंय, चौकशी आहे' म्हणून ठाण्यात नेलं. दिवसभर बाकावर बसवलं. मोबाइल काढून घेतला, बाहेर जाऊ दिलं नाही. रात्री अकराला अटक फॉर्म भरला आणि त्यावर वेळ टाकली अकराची. कागदावर घड्याळ अकराला सुरू झालं, पण त्या माणसाचं स्वातंत्र्य गेलं होतं सकाळी सातला. उठून जायची मोकळीक संपली की ताबा सुरू झाला, असं न्यायालयं पुन्हा पुन्हा सांगत आली आहेत. म्हणून घरच्यांनी पहिलं काम करायचं ते हे: किती वाजता नेलं, कोणी नेलं, गाडीचा नंबर काय, हे तिथल्या तिथे लिहून ठेवायचं. शेजाऱ्याला दाखवून, फोनवर नातेवाइकाला कळवून. पुढे जामिनाच्या वेळी वकिलाला त्याचाच उपयोग होतो.

चौकशीला खरोखरच बोलवायचं असेल, तर त्याचीही रीत आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ३५ प्रमाणे सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक गरजेची का आहे, ते अधिकाऱ्याने लिहून ठेवायचं असतं. गरज नसेल, तर हजर राहण्याची लेखी नोटीस द्यायची. जुन्या संहितेतही हेच होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेशकुमार निकालात ते ठणकावून सांगितलं आणि ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागणार नाही, असं २०२५ मध्ये स्पष्ट केलं. गुन्हा तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असेल आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा दुर्बल असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटकच नाही.

आता अटकेच्या कागदाकडे येऊ. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव वाचता येईल अशी पट्टी हवी. अटकेचा मेमो जागेवर तयार व्हायला हवा. त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याचीही सही लागते. कुठे नेलं, हे नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायलाच हवं. वैद्यकीय तपासणी व्हायला हवी आणि अंगावर मार-जखम असेल, तर तिची नोंद हवी. हे नियम १८ डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल या निकालातून आले आणि पुढे कायद्यात उतरले. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, मात्र पूर्ण वेळ त्याला शेजारी बसवता येत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती घटनेचं कलम २० होऊ देत नाही. 'गुन्हा कबूल केला' अशी बातमी सकाळच्या पेपरात छापून येते, तेव्हा त्या कबुलीची न्यायालयातली किंमत वाचकाच्या ध्यानात असायला हवी.

या सगळ्यात सर्वांत मोठा बदल अलीकडे झाला, तोही महाराष्ट्रातल्या खटल्यावरून आणि विदर्भातल्याच न्यायमूर्तींच्या पीठापुढे. अटकेची कारणं 'सांगायची' म्हणजे तोंडी की लेखी, हा वाद जुना. तोंडी सांगितल्याची नोंद स्टेशन डायरीत करणं सोपं असतं आणि ती खोडून काढणं आरोपीला जवळजवळ अशक्य. आर्थिक गैरव्यवहाराच्या प्रकरणात कारणं लेखीच द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये पंकज बन्सल प्रकरणी ठरवलं. मग वरळीतल्या २०२४ च्या मोटार अपघाताचा खटला, मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य, पुढे आला. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने ठरवलं की कोणताही गुन्हा असो, कारणं लेखी द्यायची आणि आरोपीला समजेल त्या भाषेत द्यायची. प्रसंगच असा असेल की लगेच लिहून देणं शक्य नाही, तर तोंडी सांगावं; पण रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी तो कागद हातात पडलाच पाहिजे. नाही पडला, तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा.

गवई अमरावतीचे. घटनेतल्या ओळीला इतक्या वर्षांनी कागदाचा आधार मिळाला, तो विदर्भाच्या माणसाच्या काळात, याचा मला आनंद आहे. भाषेचा मुद्दाही आमच्या झाडीपट्टीत पुस्तकी नाही. इथे मराठी आहे, हिंदी आहे, गोंडी आहे. इंग्रजी कलमांचे आकडे वाचून दाखवले आणि खाली अंगठा घेतला, याला कारण सांगितलं असं म्हणता येत नाही.

स्त्रियांसाठीचे नियम पाहायचे, तर जिल्ह्याची हद्द ओलांडून पलीकडे जावं लागतं. लाखांदूरच्या पलीकडे वडसा-देसाईगंज. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेलं हे गाव १९७२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात होतं. २६ मार्च १९७२ च्या रात्री घरगुती तक्रारीच्या जबाबासाठी एका आदिवासी मुलीला तिथल्या ठाण्यात आणलं गेलं. जबाब झाल्यावर बरोबरच्या माणसांना बाहेर काढून तिला आत थांबवून घेण्यात आलं. ठाण्यातच आपल्यावर अत्याचार झाला, अशी तिची फिर्याद होती. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी धरलं आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चौघा कायदेपंडितांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कोठडीतल्या बलात्काराचा कायदा बदलला. मथुरा खटला म्हणून देश ज्याला ओळखतो, तो ज्या ठाण्यातून सुरू झाला, ते आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. आज स्त्रीला साक्षीदार म्हणून जबाबासाठी तिच्या इच्छेविरुद्ध ठाण्यात बोलावताच येत नाही. पोलिसांनी तिच्या घरी यायचं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि साठीपुढच्या माणसांनाही हाच नियम आहे. तो खेड्यापाड्यांत फार थोड्यांना माहीत आहे.

दुसरा धागा नागपूरचा. जून १९९३ मध्ये नागपूर पोलिसांनी पकडलेल्या एका माणसाचा मारहाणीमुळे कोठडीत मृत्यू झाला. ख्रिश्चन कम्युनिटी वेलफेअर कौन्सिल हे प्रकरण घेऊन नागपूर खंडपीठाकडे गेली. खंडपीठाने दिलेल्या निर्देशांत एक होता: महिला पोलिसाशिवाय स्त्रीला अटक नाही आणि सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत तर मुळीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तो थोडा सैल केला. पण दोनच वर्षांनी संसदेने रात्रीच्या अटकेवरची बंदी संहितेत घातली. अपवादात्मक प्रसंगीच, महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची, तरच रात्री अटक. कोठडीतल्या त्या मृत्यूच्या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषी पोलिसांची शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षांवर नेली. म्हणजे घटनेनंतर पंचवीस वर्षांनी. इतका उशीर झाला, हे मला आजही खुपतं.

झडतीचे नियम अटकेच्या नियमांइतके भक्कम नाहीत, हेही सांगायला हवं. घराची झडती हा शब्द मूलभूत हक्कांच्या भागात कुठेच नाही. १९५४ सालीच, म्हणजे भंडाऱ्यात पोटनिवडणूक झाली त्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी एम. पी. शर्मा प्रकरणात सांगितलं की अमेरिकेसारखं झडतीविरोधी संरक्षण आपल्या घटनाकारांनी घातलेलं नाही, ते आपण ओढूनताणून आणू नये. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, तेव्हा शर्मा निकालाचा त्याआड येणारा भाग रद्द झाला. तरी एक जुनी अडचण उरलीच: झडतीत नियम मोडला, तरी सापडलेला माल पुरावा म्हणून बाद होतोच असं नाही. न्यायाधीश त्याकडे अधिक संशयाने पाहतात, इतकंच. म्हणून झडती चालू असतानाच डोळे उघडे ठेवणं महत्त्वाचं.

आमच्याकडे घरझडतीचा नेहमीचा प्रसंग म्हणजे मोहफुलाच्या हातभट्टीवरचा छापा. तिथे कायद्याला काय अपेक्षित आहे? झडतीआधी त्याच वस्तीतले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच बोलवायचे. ठाण्याबाहेरच्या चहाटपरीवर नेहमी सापडणारे दोघे चालणार नाहीत. वस्तीत कुणीच तयार नसेल, तरच बाहेरचे. घरमालकाला झडती पाहू द्यायची. सडवा किती, दारू किती, पिंप किती, कोणत्या खोलीत मिळालं, याची यादी तिथेच करायची, पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि यादीची प्रत घरमालकाला द्यायची. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची, तिची अब्रू सांभाळून. नव्या संहितेच्या कलम १०५ ने यात भर घातली: पंचांच्या सह्यांपर्यंत झडतीचं आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण झालं पाहिजे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे गेलं पाहिजे. वॉरंट नसताना तपासी अधिकारी झडती घेऊ शकतो, पण का घेतोय, काय शोधतोय, हे आधी लिहून आणि ४८ तासांत त्या नोंदी दंडाधिकाऱ्याकडे धाडून. घरमालकाने अर्ज केला, तर त्या नोंदींची प्रत फुकट मिळते.

पंच म्हणून ज्यांना बोलावलं जातं, त्यांच्यासाठी दोन शब्द. विनाकारण नकार देणं हा गुन्हा आहे, पण कोऱ्या कागदावर सही करणं हे कुणाचंही कर्तव्य नाही. वाचा, मग सही करा. वाचता येत नसेल, तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

एक मोठी फट घटनेतच आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेला, म्हणजे पुढचा गुन्हा रोखण्यासाठी माणसाला आधीच आत ठेवण्याला, चोवीस तासांचा आणि वकिलाचा नियम लागू नाही. राज्याचा १९८१ चा कायदा, लोक ज्याला एमपीडीए म्हणतात, त्याखाली जिल्हाधिकाऱ्याच्या आदेशाने माणसाला वर्षभरापर्यंत आत ठेवता येतं. त्यात हातभट्टीवाले पहिल्यापासून होते, पुढे वाळूतस्करही आले. वैनगंगेच्या काठावर राहणाऱ्यांना त्याचा अर्थ समजावून सांगायला नको. इथेही कारणं कळवावीच लागतात आणि सल्लागार मंडळापुढे प्रकरण न्यावंच लागतं.

कुणी म्हणेल, आरोपींचे एवढे लाड कशाला? भंडाऱ्यात हा प्रश्न हलका नाही. मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारण्यात आलं. आधीच्या एका मारहाणीतल्या आरोपींना त्याच दिवशी अटक होऊन जामीनही मिळाला होता. पोलिसांच्या ढिलाईवर तेव्हा राज्यभर संताप उसळला. तिथे लोकांना हवी होती ती वेळेवरची, पक्की अटक. पण पक्की अटक म्हणजेच नियमाने केलेली अटक. कारणं लेखी न दिल्यामुळे आरोपी सुटला, तर त्याचा पहिला फटका फिर्यादीला बसतो, आणि फिर्यादी बहुतेक वेळा गरीबच असतो. बाबासाहेबांचं कलम दोघांच्याही कामाचं आहे.

नियम मोडले, तर काय करायचं? दंडाधिकाऱ्यापुढे उभं केल्यावर ते 'काही तक्रार?' असं विचारतात. तोच पहिला आणि सर्वांत मोलाचा क्षण असतो. मार बसला असेल, कागद मिळाला नसेल, तर तिथेच बोलायचं. ते रेकॉर्डवर येतं. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. अटकेत असलेल्या कुणालाही उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१०० आहे. पोलिस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालाने तक्रार पाठवता येते, राज्य मानवी हक्क आयोगाकडे जाता येतं.

आणि सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, कोठडीपासून ठाणेदाराच्या खोलीपर्यंत, आवाजासह कॅमेरे बसवायला आणि चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर जपायला सांगितलं. पण जपलेलं चित्रण कालांतराने पुसलं जातंच. म्हणून ठाण्यात काही विपरीत घडलं असेल, तर तारीख, वेळ आणि खोली लिहून ते चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज त्याच आठवड्यात करा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या.