ब्रेकचं काम केलं, तरी गाडी परत आली? आधी निदान, मग पाना!



जुन्या गाड्यांचं गॅरेज सुरू करायचं स्वप्न बघणाऱ्यांसाठी आजचा विषय आहे ड्रम ब्रेक. "सर, हे तर मेकॅनिकचं काम, यात बिझनेस कुठे आला?" असं तुम्ही म्हणाल. शेवटपर्यंत वाचा. या एका कामात तुमचा नफाही आहे आणि गिऱ्हाइकाचा जीवही.

आधी संधी समजून घ्या. प्रीमियर पद्मिनी आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये झाली, आणि २० वर्षांची मर्यादा संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ती रस्त्यावरून गेली. टॅक्सी गेल्या, तसे डोळे मिटून त्यांचे ब्रेक करणारे मिस्त्रीही कमी होत चालले. पण हौसेने पद्मिनी किंवा अँबेसिडर सांभाळणारे लोक आहेतच. त्यांना मेकॅनिक शोधावा लागतो. या गाड्यांच्या जुन्या मॉडेल्सच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असायचे. म्हणजे ड्रम ब्रेक ज्याला नीट समजला, त्याच्याकडे हे गिऱ्हाईक टिकणार.

समजा, एक पद्मिनी आली...

मालक म्हणतात, "ब्रेकचं पॅडल खाली जातंय. लायनर बदलून टाका. रविवारी फॅमिलीला घेऊन घाट उतरायचाय."

तुम्ही काय करता? शू काढले, नवे लायनर लावले, ड्रमला चरे होते म्हणून लेथवर कट मारून आणला, एअर काढली. आणि पॅडल आधीपेक्षा जास्त स्पंजी! पुन्हा एअर काढली, फरक नाही. मास्टर सिलिंडरचं किट बदललं, तरी फरक नाही. दोन दिवस गेले, गिऱ्हाईक वैतागलं.

चूक हाताची नाही. चूक ही, की गिऱ्हाइकाने सांगितलेला उपाय तुम्ही ऐकला, गाडीचं लक्षण तपासलंच नाही.

पॅडल काय सांगतं, ते ऐका

पाना हातात घेण्याआधी सीटवर बसा आणि पॅडल दाबा.

१. पहिल्यांदा खाली जातं, पण दोन-तीनदा पंप केलं की वर येऊन कडक होतं: बहुतेक वेळा शू ड्रमपासून लांब गेलेत. अॅडजस्टमेंट हवी.

२. पंप करूनही स्पंजसारखं दबतं: सिस्टिममध्ये एअर आहे, किंवा शू ड्रमला नीट टेकत नाहीत.

३. कडक होतं, पण पाय दाबून धरला की हळूहळू खाली सरकतं: ऑइल कुठूनतरी निसटतंय. टाकीतली लेव्हल कमी होत असेल तर बाहेर गळती शोधा. व्हील सिलिंडरचे रबरी बूट उचलून आत ओल आहे का बघा. लेव्हल जागेवर असेल तर मास्टर सिलिंडरचे रबर कप आतल्या आत ऑइल सोडतायत.

तिसरं लक्षण हलक्यात घेऊ नका. त्या काळच्या अनेक गाड्यांत चारही चाकांना मिळून ब्रेकची एकच लाइन असायची. एका चाकाचा कप फुटला की चारही ब्रेक जातात, उरतो फक्त हँडब्रेक. आणि हे होतं ते घाटातच, कारण तिथे पाय जोरात पडतो.

एअर की शू? पाच मिनिटांची टेस्ट

आपल्या पद्मिनीत गडबड कुठे होती, हे एका टेस्टने कळलं असतं. गाडी स्टँडवर घ्या. चारही चाकांचे अॅडजस्टर चाक जाम होईपर्यंत आवळा. आता पॅडल दाबा.

पॅडल दगडासारखं कडक झालं? मग एअर नाही, मास्टर सिलिंडरही बहुधा ठीक आहे. दोष शू आणि ड्रमच्या बसण्यात आहे. अजूनही स्पंजी? मग एअर शोधा किंवा फुगणारा रबरी होज शोधा.

आपल्या गाडीत ड्रमला कट मारल्यावर त्याचा व्यास वाढला. नवे लायनर मूळ मापाच्या गोलाईचे. म्हणून ते फक्त मधोमध टेकतात. पॅडल दाबलं की शू वाकतो, आणि पायाला स्पंजी लागतं. तुम्ही एअर काढत बसता, जी तिथे नाहीच!

खात्री करायची असेल तर लायनरवर खडू घासा, ड्रम बसवा, चाक फिरवताना हलका ब्रेक लावा, पुन्हा उघडा. खडू जिथे पुसला गेला तिथेच लायनर टेकतोय. फक्त मधोमध पुसला असेल तर जाड लायनर लावून, त्या ड्रमच्या गोलाईप्रमाणे घासून घ्यावे लागतील. ड्रमचा व्यास मॅन्युअलमधल्या कमाल मापापुढे गेला असेल तर तो ड्रम बादच करा. एका बाजूच्या ड्रमला कट मारला तर त्याच एक्सलचा दुसरा ड्रमही त्याच मापाचा हवा.

गाडी डावीकडे ओढते, मग दोष कुठे?

नवीन पोरं लगेच डावं चाक उघडतात. थांबा! गाडी ओढली जाते ती जास्त ब्रेक लागणाऱ्या बाजूला. म्हणजे डावा ब्रेक कदाचित नीट काम करतोय, आणि उजवा कमी लागतोय. उजवीकडे पिस्टन जाम आहे का, होज आतून बंद झालाय का, लायनरवर ग्रीस किंवा ऑइल आलंय का, ते बघा. त्याआधी दोन्ही टायरची हवा तपासा, फुकटचं काम वाचेल.

ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत लावू नका. गळणारं सील किंवा सिलिंडर आधी दुरुस्त करा, मग दोन्ही बाजूंचे लायनर जोडीने बदला.

ब्रेक सुटत नाही, ड्रम तापतो

जाम झालेल्या चाकाचा ब्लीडिंग निपल उघडा. ऑइल उडालं आणि चाक सुटलं, तर प्रेशर अडकलंय. चाक तरीही जामच, तर दोष मेकॅनिकल: तुटलेली रिटर्न स्प्रिंग, गंजलेला पिस्टन, किंवा मागच्या चाकात अडकलेली हँडब्रेक केबल.

प्रेशर अडकत असेल तर पुढच्या वेळी निपलऐवजी होजच्या वरच्या टोकाचा पाइप सैल करा. चाक सुटलं तर होज ठीक, मास्टर सिलिंडर आणि पॅडलचा फ्री प्ले तपासा. नाही सुटलं तर होज आतून फुगून बंद झालाय. बाहेरून तो नवा दिसेल, फसू नका.

हे नियम भिंतीवर लिहा

- एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बघून स्प्रिंगची जागा कळते. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.
- ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो, तो फुप्फुसात जातो. मास्क लावा, ओल्या कपड्याने पुसा.
- ब्रेक ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच आणि सीलबंद डब्यातलं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. इंजिन ऑइलचा थेंबही गेला तर रबर कप फुगतात.
- आधी शू अॅडजस्ट करा, हँडब्रेकची केबल शेवटी.

आता बिझनेसचं गणित

समजा, या कामाची मजुरी तुम्ही ३,००० रुपये घेतली आणि सहा तास लागले. तासाला ५०० पडले. गाडी परत आली, चार तास फुकट गेले. आता तासाला ३०० च पडले, शिवाय त्या वेळेत दुसरी गाडी घेता आली नाही ते वेगळंच. बहुतेक नवी गॅरेजेस दर कमी ठेवून गिऱ्हाईक ओढायला बघतात. खरा पैसा जातो तो परत आलेल्या गाडीत.

म्हणून तीन सवयी पहिल्या दिवसापासून लावा.

पहिली: जॉब कार्डवर गिऱ्हाइकाच्या शब्दांत लक्षण लिहा. "लायनर बदला" असं नाही, "पॅडल खाली जातं, सकाळी जास्त" असं.

दुसरी: तपासणीचा चार्ज वेगळा ठेवा आणि आधी सांगा. मग चाकं उघडून, फोटो दाखवून, लेखी एस्टिमेट द्या. फोटो दाखवल्यावर "एवढं कशाला?" हा प्रश्न निम्मा संपतो.

तिसरी: अर्धवट काम नाकारा. "एकाच चाकाचा लायनर टाका, बाकी नंतर बघू" असं कोणी म्हणालं, तर हात जोडून सांगा, "साहेब, ब्रेकचं काम मी जोडीनेच करतो. नाहीतर गाडी ओढेल." एक गिऱ्हाईक जाईल, जाऊ द्या.

डिलिव्हरी देताना आणखी एक गोष्ट सांगायची. नवे लायनर बसायला थोडे दिवस लागतात, म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर परत बोलवा आणि अॅडजस्टमेंट करून द्या. ही फेरी मजुरीतच धरा. ही परत आलेली गाडी तुम्ही बोलावलेली असते, म्हणून तिथे भांडण नाही, विश्वास वाढतो.

आणि रविवारी घाट उतरायचाय म्हणणाऱ्या त्या मालकांना? काम पूर्ण झालं नसेल तर स्पष्ट सांगा, "या रविवारी गाडी देणार नाही." झालं असेल तरी सांगा की घाटात खालच्या गिअरमध्ये उतरा, पाय सतत ब्रेकवर ठेवू नका. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, आणि चांगला ब्रेकही कमी लागतो.

गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं तरी चालेल, पण सुखरूप घरी पोचलं पाहिजे. पुढची गाडी तेच घेऊन येईल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत कामाला लागा!