साष्टी बेटावरची कारवी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सारी ठिकाणे एका बेटावर आहेत, असे वर्गात सांगून पाहा. मुलांना ते चटकन पटत नाही. पण वसईची खाडी, ठाण्याची खाडी आणि अरबी समुद्र यांच्यामधले हे साष्टी बेटच. त्याच्या मधल्या डोंगरांवर, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कारवीची झुडपे दाट वाढतात. एरवी त्यांच्या खरखरीत पानांकडे कोणी बघत नाही. आठ वर्षांनी एकदा मात्र पावसाळ्याच्या उत्तरार्धात उतारच्या उतार जांभळे होतात. २००८, २०१६ आणि २०२४ साली आपण ते पाहिले.

कारवीचे शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथस कॅलोसा. निलगिरीवर बारा वर्षांनी फुलणारी कुरिंजी याच प्रजातीतली. कुल ॲकॅन्थेसी, म्हणजे अडुळसा, अबोली आणि कोरांटी यांचे. खाडीकाठच्या तिवरालाही आता याच कुलात धरतात. जुन्या पुस्तकांत तो व्हर्बिनेसी कुलात सापडेल. डीएनएच्या अभ्यासानंतर ही बदली झाली.

या कुलातल्या बहुतेक वनस्पतींची ओळख त्यांच्या फळात असते. (तिवर याला अपवाद.) वाळलेल्या बोंडाच्या दोन्ही शकलांत ताण साठलेला असतो, आणि प्रत्येक बीखाली एक कडक आकडा असतो. बोंड तडकले की आकडे बिया दूर भिरकावतात. बागेतल्या रुएलियाची वाळकी बोंडे पाण्यात टाकून हे वर्गातच दाखवता येईल. पाण्याने सांधा सैल होतो आणि बोंड फट्‌दिशी फुटते. रुएलिया परदेशी, पण कुल तेच.

कारवीची बोंडे फुलोऱ्यानंतर झाडावरच वाळतात आणि पुढच्या पावसाच्या सुरुवातीला तडतडतात. तोवर झुडूप मेलेले असते. सगळ्यांनी एकदम बी धरल्याने उंदीर-किडे खाऊन खाऊन किती खाणार? पुष्कळ बी उरते आणि रुजते.

पण यातच धोका आहे. उतारावरची जवळजवळ सगळी झुडपे एकाच वयाची. फुलोऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात वाळक्या काटक्यांचे रान उभे असते आणि बी अजून त्यांच्यावरच असते. त्या महिन्यांत वणवा लागला, तर त्या जागी पुढची पिढी उगवायला फारसे काही उरत नाही. फुले तोडणाऱ्यांचे नुकसान त्यामानाने थोडे. पण तोडलेल्या तुऱ्याचे बी गेले ते गेलेच.

२०२४ सालच्या पहिलीतली मुले पुढचा बहर येईल तेव्हा, २०३२ साली, नववीत असतील.